दोन कोणाकोणाला द्यायचे

रविवारी बाबा आणि मी फॅक्टरीच्या क्वार्टरांत युनियनची पत्रकं वाटायचो. एखादं दार राहिलं की बाबा अर्ध्या जिन्यावरून परत पाठवायचे. "काहून सोडलं ते घर?" कंस सोडवायलाही त्यांनी मला तसंच शिकवलं. बाहेरचा आकडा म्हणजे पत्रकं, आतल्या प्रत्येकाच्या दारात टाकायची. मला ते लगेच पटलं. त्यात न्याय होता.

नववीच्या कोचिंगमध्ये सरांचा नियम वेगळा होता. फळ्यावरच्याचं गणित सुटेपर्यंत कोणीही उठायचं नाही. त्या संध्याकाळी फळ्यावर मी होते.

2(3 × x) + 5(x + 1) = 38

मी दोन तीनला दिले, x लाही दिले. बारा x झाले. शेवटी सतरा x बरोबर तेहतीस. उत्तर धड येईना. पुसलं, पुन्हा केलं, पुन्हा सतरा. खडूने बोटं कोरडी पडली. सरांनी खुर्ची दाराला टेकवून ठेवली होती. पहिल्या बाकावरची, सिहोरा गावाहून बसने येणारी मुलगी घड्याळाकडे बघत होती. सहाच्या बसने घरी पोचशील तरच क्लास, अशी तिच्या भावाची अट होती.

मी वळले. "सर, अटकी मैं हूँ. इनको क्यों रोका है? बस निकल जाएगी."

"नेतागिरी घर पे. पहले सवाल."

मागे कोणीतरी हसलं. संतापाने मला फळाच दिसेना. तेवढ्यात ती मुलगी हळूच म्हणाली, "दीदी, तीन और एक्स के बीच में प्लस कहाँ है?"

नव्हताच. तिथे गुणाकार होता. तीन आणि x ही दोन घरं नव्हतीच, एकच घर होतं, आणि मी तिथे दोनदा पत्रक टाकत होते. वाटायचं ते बेरीज असेल तिथेच. सहा x, पाच x, पाच. x बरोबर तीन.

सरांनी खुर्ची सरकवली. आम्ही दोघी स्टँडपर्यंत पळालो. बस गेली होती.

भावाचा फोन आला. "जी भैया. हाँ भैया." एवढंच ती बोलली.

"इधर दे, मैं बताती हूँ उनको क्या हुआ," मी म्हणाले.

तिने फोन दप्तरात खोल ठेवला. "तुम मत बोलो दीदी. और बिगड़ेगा." मग पुढच्या बसची पाटी वाचत म्हणाली, "कल से मना कर दिया."