दुपट्याचा चौथा कोपरा

आमच्या घरी शिवलेल्या दुपट्याचे तीन कोपरे कुणीही बंद केले तरी चालत. चौथा आत्याबाईंचा असे. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला अशीच हाक मारतात.

तान्ह्या बाळाच्या दुपट्याला वरून-खालून मऊ सुती कापड लागतं आणि आत जुन्या लुगड्याचे दोन-तीन थर. कडा शिवत आलं की शेवटच्या कोपऱ्याशी चार बोटं जागा मोकळी ठेवायची, त्यातून हात घालून आतल्या थरांच्या सुरकुत्या काढायच्या, मग अंगभर धावदोरा घालायचा आणि सगळ्यात शेवटी तो कोपरा मिटायचा. मिटण्याआधी आत्याबाई त्यात नखाएवढा भाकरीचा तुकडा सरकवत. त्याला त्या घास म्हणत.

"गोधडी सदा भुकेली असती," त्या सांगत. "तिला घास नाय दिला, तर ती निजणाऱ्याची झोप खाती."

माझा यावर विश्वास नव्हता आणि आक्षेपही नव्हता. घरचं दुपटं पहिल्याच आठवड्यात दहा वेळा धुवावं लागतं. घास कुठल्या कुठे विरघळून जातो.

मी याद्या करणारी बाई आहे. किराणा, पाहुणे, दुरुस्त्या, कुणाला कोणतं भांडं दिलं आणि ते परत आलं का, सगळं एका लांब वहीत असतं. ह्यांचं म्हणणं, मी झोपायचीसुद्धा यादी करते. ते खरं नाही. उठल्यानंतरच्या कामांची करते.

गोधड्यांची सुरुवातही अशाच एका यादीतून झाली. मामंजी गेल्यावर आत्याबाई लासूर स्टेशनजवळच्या गावाहून आमच्याकडे मुकुंदवाडीला राहायला आल्या. गावाकडे त्या पहाटेपासून उभ्या असायच्या. इथे त्यांना करायला काही उरलं नव्हतं. स्वयंपाकघर माझं, भाजी दारावर येते, पाणी नळाला. त्या दाराजवळच्या लोखंडी खुर्चीत बसून रस्ता बघत. रेल्वेची पॅसेंजर गेली की म्हणत, "गेली." दुसरी गेली की पुन्हा म्हणत. पहिल्या वर्षात त्यांचं बोलणं इतकं कमी झालं, की डॉक्टरांना दाखवायचं मी वहीत लिहून ठेवलं होतं.

त्याच आठवड्यात मी बोहारणीला द्यायचे कपडे बाजूला काढले. चार लुगडी, दोन धोतरं, काही परकर. आत्याबाई खुर्चीतून उठल्या आणि गाठोड्यापाशी येऊन बसल्या.

"ही लुगडी एका पातेल्यासाठी देतीस?"

"झाकणासकट आहे," मी म्हणाले.

त्यांनी गाठोडं उचललं आणि आतल्या खोलीत नेलं. संध्याकाळी मला जाड सुई, दोरा आणि अंगुस्तान आणायला सांगितलं. मी अभ्रे, पिशव्या, पायपुसणी मशीनवर शिवत असे, पण हातशिवणीची गोधडी मला येत नव्हती. ती मी त्यांच्याकडून शिकले. मी सून म्हणून ह्या घरात आल्याला तेव्हा चौदा वर्षं झाली होती. त्यांनी मला काही शिकवण्याची ती पहिलीच वेळ.

मग नणंदेच्या मुलीला दुपटं गेलं, शेजारच्या सुनेला गेलं, तिच्या बहिणीला गेलं. वहीत मी गोधड्यांसाठी वेगळी पानं केली: कुणाचं, आत कुठली लुगडी, कधी द्यायचं. आत्याबाई खुर्ची सोडून दिवसभर सतरंजीवर असत. डॉक्टरांची ओळ मी खोडून टाकली.

दुसऱ्या वर्षी गुलमंडीच्या बाजूला लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान चालवणाऱ्या एका बाईंनी आमची तीन दुपटी नमुन्याला ठेवून घेतली. महिन्याभरानं त्यांनी बारा मागितली. ओळखीबाहेरचं ते आमचं पहिलं काम. मी यादी केली, आत्याबाईंनी कापडं निवडली आणि तीन आठवड्यांत आठ दुपटी घडी घालून कपाटात गेली.

तेव्हा दुकानातून फोन आला. नमुन्याचं एक दुपटं प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद होतं. त्याच्या कोपऱ्यातून मुंग्या निघाल्या होत्या.

"ताई, आत काय ठेवलंय तुम्ही?" बाईंनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. "बाकीची तपासून द्या. तान्ह्या लेकरांचा माल आहे. परत असं झालं तर मला घेता येणार नाही."

मी म्हटलं, तपासते.

आत्याबाई तेव्हा घरी नव्हत्या. पुतण्याच्या घरी बारसं होतं, म्हणून दोन दिवसांसाठी लासूरला गेल्या होत्या. मी त्यांची वाट बघायला हवी होती. पण मी वही उघडली आणि लिहिलं: कोपरे उसवणे, आठ. घास काढणे, आठ. पुन्हा शिवणे, आठ. दुपारच्या चहापर्यंत तिन्हींवर खूण झाली होती. वाळलेले आठ तुकडे एका वाटीत जमले, ते मी अंगणात चिमण्यांना टाकले. दोरा तोच वापरला. माझा टाका त्यांच्या टाक्यासारखाच झालाय, असं मला वाटलं.

आत्याबाई परत आल्या, हातपाय धुतले आणि कपाटातून दुपटी काढली. बाहेर पाठवायची वस्तू त्या डोळ्यांनी कमी आणि अंगठ्यानं जास्त तपासत. पहिल्या दुपट्याच्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला आणि थांबल्या. दुसरं घेतलं.

"ह्यो टाका माझा नाय."

"नाही. मी उसवून परत घातला."

"कामून?"

मी मुंग्यांचं सांगितलं, फोनचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आठी उसवलीस?"

"आठही."

"घासाचं काय केलंस?"

"चिमण्यांना टाकला."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "चिमण्यांची तरी पोटं भरली."

त्यांनी दुपटी होती तशी घडी करून ठेवली. मला वाटलं विषय संपला. उरलेली चार त्यांनी रोजच्यासारखी शिवायला घेतली. एक झालं, ते माझ्यासमोर ठेवलं. तीन कोपरे बंद, चौथा उघडा.

"हा तुझा," त्या म्हणाल्या.

असं चारही दुपट्यांचं झालं. गुरुवारी चौथं माझ्यासमोर ठेवून त्यांनी बोटातलं अंगुस्तान काढलं, सुईदोऱ्याच्या पत्र्याच्या डब्यात टाकलं, झाकण लावलं आणि दाराजवळच्या खुर्चीत जाऊन बसल्या. थोड्या वेळानं पॅसेंजर गेली.

"गेली," त्या म्हणाल्या.

चार कोपरे म्हणजे माझं तासाभराचं काम होतं. सोमवारी माल पोचवायचा होता आणि तो वेळेत पोचला असता. पण मला तो शब्द वर्षभरानं ऐकू आला होता. दुकानाचं काम गेलं असतं तर दुसरं मिळालं असतं. आत्याबाई त्या खुर्चीत एकदा परत रुजल्या असत्या, तर त्यांना उठवायला माझ्याकडे दुसरं गाठोडं नव्हतं. मी उघड्या कोपऱ्यांची दुपटी तशीच कपाटात ठेवली.

"तुमच्या भांडणात आवाजच होत नाही," हे जेवताना म्हणाले. "कोण जिंकलं ते कळायचं कसं?"

"भाजी वाढू का?" मी विचारलं.

शुक्रवारी मी खुर्चीशेजारी पाट घेऊन बसले. येताना तोडग्यांची यादी करून आणली होती. घासाऐवजी लवंग ठेवली तर? मुंग्या येत नाहीत.

"लवंग काय जेवण हाये व्हय? ती जेवण झाल्यावर."

मीठ?

"नुसत्या मिठावर कोण जेवतं?"

तांदळाचा दाणा मी स्वतःच खोडला, कारण त्याला कीड लागते. शेवटचा तोडगा मला फार चांगला वाटला होता. कागदाच्या चिटोऱ्यावर 'भाकर' असं लिहून तो आत घालायचा.

आत्याबाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "लिहून पोट भरत आसतं, तर तुझ्या वहीवर सगळं घर जेवलं आसतं."

मी हसले. त्या हसल्या नाहीत, पण पाटावरून उठ असंही म्हणाल्या नाहीत. मग रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "मुंग्या लागल्या, तुला बोलणं बसलं, ते मला कळतं. मी काय येडी नाय. दोन दिस थांबली आसतीस, तर मीच काढला आसता. माझ्या हातानं."

"चुकलं माझं," मी म्हणाले. यावर खूण करायला वहीत जागा नसते.

रविवारी मी दर रविवारसारखी भाकरीची दुरडी धुवायला काढली. दुरडीतलं फडकं पार विरलं होतं. आत्याबाईंच्याच जुन्या लुगड्याचं ते फडकं. त्यांनी गावाहून येताना दुरडीसकट आणलेलं. त्या आठवड्याच्या यादीत 'नवं फडकं फाडणे' होतं आणि त्याच्या पुढे 'जुनं फरशी पुसायला'. फडकं बादलीत टाकणार, तोच दारातून आवाज आला.

"ते फरशीला नको घेऊस. त्यात भाकर ऱ्हाती."

मी फडकं हातात धरून उभी राहिले. मग ते साबणानं धुतलं, उन्हात वाळवलं आणि कात्रीसकट त्यांच्या मांडीवर नेऊन ठेवलं.

"हे इतकी वर्षं भाकरीबरोबर होतं," मी म्हणाले. "याचा तुकडा चालेल का, तेवढं सांगा. नाही म्हणालात तर नाही."

त्यांनी फडकं उलगडलं, भोकातून बोट घातलं, नाकाशी नेलं. "साबण जेवलंय हे."

"धुतल्याशिवाय कसं देऊ?"

त्यांनी फडक्याची घडी घातली. मग उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि मी तव्यावरून उतरवलेली गरम भाकरी त्या फडक्यात गुंडाळून दुरडीत ठेवली. "आज जेवू दे त्याला," म्हणाल्या. आम्ही जेवलो. जेवण झाल्यावर त्यांनी फडकं अंगणात तीनदा झटकलं, तारेवर टाकलं आणि तासाभरानं स्वतःच काढून आणलं. पीठ राहिलंय का ते त्यांनी मलाच बघायला लावलं. मी उजेडात धरून बघितलं. नव्हतं.

मग त्यांनी पत्र्याचा डबा उघडला.

आठ कोपरे मी दुसऱ्यांदा उसवले. फडक्याचे बारा तुकडे त्यांनी कापले, प्रत्येक नखाएवढा, आणि कोपऱ्यात सरकवून एकेक बंद केला. मध्येच थांबून माझा उसवलेला दोरा त्यांनी बोटावर घेतला.

"टाका बरा व्हता तुझा," त्या म्हणाल्या. "पर लई घट्ट. लेकराला टोचतो."

बारा दुपटी सोमवारी दुकानात पोचली. बाईंनी प्रत्येकाचा कोपरा दाबून बघितला. मी त्यांना आत काय आहे ते सांगितलं. त्या नुसत्या "बरं" म्हणाल्या. मुंग्यांचा फोन पुन्हा आला नाही, वीस दुपट्यांचा आला.

त्याची यादी मी सतरंजीवर बसूनच केली. आत्याबाई सुईत दोरा ओवत होत्या. त्यांना वाचता येत नसे, पण मी काय लिहिते त्यावर लक्ष असे.

"काय काय लिहिलंस?"

मी वाचून दाखवलं. वरचं कापड, खालचं कापड, आतली लुगडी, दोरा, सुया आणि सगळ्यात खाली घास.

"घास खाली कामून?"

"तो शेवटी घालतात म्हणून."

"मंग तो पैला लिही," त्या म्हणाल्या. "माणूस शेवटचं इसरतं."

मी ती ओळ खोडली आणि पानाच्या अगदी वर, समासात थोडीच जागा होती तिथे, बारीक अक्षरात पुन्हा लिहिली. त्यांनी अंगुस्तान बोटात चढवलं आणि पहिलं लुगडं माझ्याकडे सरकवलं. "धर तिकडून."