वॉलपेपरचा दसरा

हॉलच्या भिंतीला वॉलपेपर लावायचा, असं सुनेने जाहीर केलं तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "का, रंगाला काय धाड भरली?" स्वभावच फटकळ माझा. आधी बोलते, मग विचार करते, आणि तोपर्यंत समोरच्याचा चेहरा पडलेला असतो. पण सून माझ्याकडे बघून हसली आणि हातातली टेप भिंतीला लावून मापं घेत राहिली. ही पोरगी माझ्या बोलण्याला भीक घालत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आमचा फ्लॅट हायवेवरच्या द्वारका चौकापासून हाकेच्या अंतरावर. ट्रक, बस, रिक्षा, सगळ्यांची धूळ आधी आमच्या गॅलरीत उतरते आणि मग पुढे जाते. सकाळी टीव्ही पुसावा तर संध्याकाळी त्यावर बोटाने नाव लिहिता येईल. अशा घरात भिंतीला कागद चिकटवायचा म्हणजे हौसेला मोल नाही, एवढंच म्हणायचं.

पण ही नुसती हौस नव्हती. सून अंबडच्या एका कंपनीत ऑफिसात होती. ती नोकरी सोडून तिने लोकांच्या घरातल्या भिंती सजवायचं काम धरलं होतं. कोर्स झाला, कार्ड छापली, मोबाईलवर फोटो टाकून झाले, पण काम काही मिळेना. शेवटी मुलाचं आणि तिचं ठरलं, की दिवाळीपर्यंत एक तरी मोठं काम हातात यायला हवं. नाही आलं तर पुन्हा नोकरी शोधायची. तिने हो म्हटलं खरं, पण त्या दिवशी ती नीट जेवली नाही. लोकांना दाखवायला काहीतरी हवं, म्हणून तिने आमचीच भिंत धरली.

जुना ऑइलपेंट खरवडला, खड्ड्यांत लांबी म्हणजे पुट्टी भरली, घासून गुळगुळीत केली आणि कारागिराबरोबर ती स्वतः स्टुलावर चढली. पट्ट्याला पट्टा असा जुळवला की जोड शोधून सापडू नये. गर्द हिरवी केळीची पानं आणि त्यावर बारीक सोनेरी रेघ. मी दोन दिवस नाक मुरडलं. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की मी चहा घेऊन टीव्हीकडे तोंड करून न बसता भिंतीकडे तोंड करून बसतेय. यजमान म्हणाले, "काय, केळी लागली का?" मी म्हटलं, तुमचं काम बघा.

मग शेजारणी येऊ लागल्या. यायच्या, हात फिरवून बघायच्या आणि हमखास विचारायच्या, खराब झाला तर? सून प्रत्येकीला तेच सांगायची, "काकू, काही होत नाही. धुतला तरी चालतो." हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं की मलाही पाठ झालं. आणि घटस्थापनेच्या आठवडाभर आधी माझ्या सासूबाई आल्या, त्यांनीही ते ऐकलं.

सासूबाई पेठ रोडच्या बाजूला गावी राहतात, धाकट्या दिरांकडे. भाजीपाल्याचा आणि झेंडूचा मळा आहे. पण घट बसायच्या आधी त्या दरवर्षी न चुकता आमच्याकडे येतात, दसरा काढायला. आमच्याकडे दसरा काढणं म्हणजे घरातली एकूण एक वस्तू बाहेर काढून धुणं. गोधड्या, पडदे, डबे, पंखे, माळ्यावरची न वापरलेली पातेलीसुद्धा. जे धुता येत नाही ते पुसायचं, आणि जे पुसता येत नाही ते घरात ठेवायचंच कशाला, असा सासूबाईंचा हिशोब. शहरातल्या सुनांना दसरा नीट काढता येत नाही यावर त्यांची ठाम श्रद्धा आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्यांच्या लेखी मी अजून शिकाऊच आहे.

भिंत बघून त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "केळीची पानं हायेत आन एकबी वाऱ्यानं फाटलेलं नाय. आसं कुठं आस्तंय का?" सून म्हणाली, "आजी, घरात वारा नाही ना." त्यावर त्या खूश झाल्या. हजरजबाबी माणूस त्यांना आवडतो. तेवढ्यात शेजारची एक बाई आली आणि सुनेने तिला आपलं नेहमीचं सांगितलं, धुतला तरी चालतो. सासूबाईंनी मान डोलावली. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्याच आठवड्यात सुनेला एक फोन आला. मखमलाबादकडचं फुलशेतीवालं कुटुंब, मळ्यातच नवा बंगला बांधलेला. हॉल आणि तीन बेडरूमच्या भिंती करायच्या होत्या. त्यांची सून फोटो बघून आधीच प्रेमात पडली होती, पण घरातल्या आजी समोर बघितल्याशिवाय हो म्हणणार नव्हत्या. शनिवारी येतो म्हणाले. माझ्या सुनेच्या पायाला भिंगरी लागली. हेच ते मोठं काम, आणि दिवाळी तोंडावर आलेली.

शुक्रवारी ती नमुन्यांची पुस्तकं आणायला बाहेर गेली. मी गच्चीवर ब्लँकेटं धूत होते. खाली आले तर दारातच पायाला पाणी लागलं. हॉलमध्ये बादली, बादलीत कपड्यांची पावडर, आणि सासूबाई पदर खोचून कपडे घासायच्या ब्रशने भिंत घासतायत. हात पोचेल तिथपर्यंत सगळी भिंत फेसाने पांढरी झाली होती.

"आई, हे काय करताय!"

"दसरा काढतीय. लय धूळ निघाली बघ." त्यांनी मला बादलीतलं काळं पाणी दाखवलं. धूळ निघाली होती हे मात्र खरं.

"ती भिंत आहे आई, गोधडी नाही."

"धुतला तरी चालतो म्हणं. तुझीच सून म्हणली."

मी फडक्याने फेस पुसून काढला, तेव्हा नुकसान दिसलं. पानं होती तशीच होती, रंग जरासुद्धा उडाला नव्हता. पण खिडकीजवळच्या जोडावर ब्रश बसला होता आणि दोन्ही पट्ट्यांच्या कडा भाजलेल्या पापडासारख्या वळल्या होत्या. त्यातली एक जरा जास्तच उचकटलेली. सासूबाई म्हणाल्या, आत मळ असंल म्हणून मी वढून बघितलं.

सून आली, तिने भिंत बघितली आणि हातातली पुस्तकं तशीच धरून खाली फरशीवर बसली. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "मम्मी, उद्या येणार आहेत ना ते." मला त्या पोरीची इतकी दया आली की मी सासूबाईंना नको ते बोलणार होते. पण त्यांच्याकडे बघितलं, तर त्या ओला ब्रश हातात धरून उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. मग गप्प बसले. माझ्यासाठी तीही मोठीच गोष्ट.

संध्याकाळपर्यंत सुनेने केस वाळवायच्या मशीनने भिंत वाळवली, गोंद भरला, कडा दाबून बसवल्या. एक बसली. दुसरी मात्र हात काढला की पुन्हा डोकं वर काढायची. मीच म्हटलं, मनी प्लँटची मोठी कुंडी तिच्यासमोर सरकव, कुणाला दिसतंय? तिला पटत नव्हतं, पण तिने सरकवली.

शनिवारी पाहुण्या आल्या. त्यांची सून हसतमुख, आणि आजी काठी टेकत, एकेक पाऊल मोजून टाकणाऱ्या. आजींनी भिंतीवर हात फिरवला, बोटं नाकाजवळ नेली, लांब जाऊन बघितलं, जवळ येऊन बघितलं. चहा झाला. मग म्हणाल्या, "दिसाया झ्याक हाय. पण कागद हाय ना शेवटी? मग दसरा कसा काढायचा?"

त्यांच्या सुनेने कपाळाला हात लावला. इतके दिवस गाडी इथेच अडली होती तर. माझी सून पुढे सरसावली, "आजी, हा धुतला तरी..."

"इकणारे समदे आसंच म्हणत्यात," आजी म्हणाल्या.

स्वयंपाकघराच्या दारातून माझ्या सासूबाईंचा आवाज आला, "म्या धुतलाय काल. ब्रशनं, पावडर लावून."

म्हटलं संपलं, आता दिवाळीनंतर पोरगी पुन्हा नोकरीच्या अर्जांना लागणार. मी डोळ्यांनी खुणा करत होते, पण सासूबाई कुणाच्या खुणा बघतात होय? त्या सरळ गेल्या आणि कुंडी बाजूला ओढली. "हे बघा. हितं उचकाटलं. बाकी कुठं काय झालं नाय, रंग गेला नाय, काय नाय. जोडावर ब्रश मारायचा नस्तो, तिथं वलं फडकं फिरवायचं. ही सांगायची राहिली आन म्या इचारलं नाय."

पाहुण्या आजी वाकल्या. उचकटलेली कड नखाने उचलून बघितली, मग घासलेली पानं बघितली, मग न घासलेली, जिथे सासूबाईंचा हात पोचला नव्हता ती. वरची पानं मळकट होती आणि खालची लख्ख. "कोणती पावडर?" त्यांनी विचारलं. मग दोघी जणी खाली बसल्या आणि पावडर, गोधड्या, पोटमाळ्यावरची जळमटं, सगळं निघालं. आम्ही तिघी सुना भिंतीला टेकून उभ्या. आम्हाला कुणी विचारत नव्हतं.

उठताना आजी माझ्या सुनेला म्हणाल्या, "हाल आन खोल्या करून टाक. देवघराला हात लावायचा नाय, तिथं रंगच. आन जोड खिडकीपाशी घेऊ नको." दार लागल्यावर सून आधी रडली आणि मग सासूबाईंच्या गळ्यात पडली. सासूबाई तिला ढकलत होत्या, म्हणत होत्या, सोड, घामेजलीय मी. पण हातांनी तिला धरूनच ठेवलं होतं.

जेवताना सून म्हणाली, घट सोमवारी बसतात आणि आजींच्या बंगल्यावर मापं घ्यायला उद्याच जायचंय, पण अर्धं घर धुवायचं राहिलंय. सासूबाई म्हणाल्या, "तू जा कामाला. दसरा मी काढती."

माझा घास हातात राहिला. माझं लग्न झालं त्या वर्षी मला अंबडलाच एका कारखान्यात पॅकिंगचं काम मिळत होतं. बस चौकातून सुटायची, दोन मैत्रिणी जायच्या. सासूबाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, मग घर कोण बघणार, दसरा कोण काढणार? मी परत कधी विचारलं नाही. त्यांना हे आठवत नसेल. मला त्या बसचा रंगसुद्धा आठवतो.

वाईट वाटलं का? वाटलं, खोटं कशाला बोलू. हेच चार शब्द मला तेव्हा मिळाले असते तर, असं वाटलंच. पण समोर सून वरणभात ओरपत होती, आज किती दिवसांनी पोटभर, आणि सासूबाई तिच्या ताटात तूप वाढत होत्या. ते बघून जितकं वाईट वाटलं त्याच्या दुप्पट बरं वाटलं.

मी म्हटलं, "आई, तुम्ही एकट्या नको. आपण दोघी काढू."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि तुपाची वाटी माझ्या ताटाकडे वळवली.