अझोट

परसातला भुईमूग उपटला, तेव्हा मुळांवर बारीक गाठी दिसल्या. याच गाठींत हवेतल्या नायट्रोजनपासून पिकासाठी अन्न तयार होते. त्या वायूचे जुने नाव अझोट, म्हणजे निर्जीव. त्यात कोंडलेला उंदीर मेला, म्हणून ते ठेवले गेले.

ओट्यावरून मेहुणे म्हणाले, "दाजी, बारावी नापास पोरीत काय राम आहे? उजवून टाका."

माझी लेक शेंगा तोडायची थांबली. मी पडखाऊ माणूस. गप्प राहण्यालाच सभ्यता मानत आलो. पण हातात ती मुळे होती. उंदराच्या एका परीक्षेवरून दिलेले नाव मागे पडले, त्याच वायूवर भुईमूग हिरवाच राहिला.

"ती पुन्हा बसेल," मी म्हणालो. "नापास झाली, तर पुन्हा."

"आणि तरीही नापास झाले तर, बाबा?"

"तरीही."