औडुनने बांधलेली धुराडी

गुनवोरने आमच्या खोऱ्यात तीस वर्षं टपाल वाटलं. तिचा नवरा औडुन गवंडी होता. तो जाऊन सहा वर्षं झाली, तरी लोक म्हणायचे, "धुराडं औडुनचं आहे ना? मग निर्धास्त राहा."

ऑक्टोबरात तिने घर तापवायची जुनी शेगडी मोडीत दिली आणि नवी घेतली. ती उंच, म्हणून धुराड्याला वर, छताजवळ नवं भोक पाडावं लागलं. पहिले दोन-तीन जाळ लहानच ठेवायचे असतात, म्हणजे लोखंडावरचा रंग पक्का होतो. मी शेजारचा, तिने मला कॉफीला बोलावलं. बर्चच्या लाकडाच्या चार ढलप्या, खिडक्या सताड उघड्या, आणि आम्ही कोट घालून बसलेलो.

"शेगडी घेतलीस की थंडी विकत घेतलीस?"

"गप रे तुर्गेर. रंगाचा वास आहे, जाईल."

दुसऱ्या दिवशीच्या जाळाला रंगाचा वास गेला आणि लाकूड करपल्याचा यायला लागला. छताच्या फटीतून धूर निघत होता. मी निखारे बादलीत भरून बाहेर पळालो, तिने अग्निशमनवाल्यांना फोन केला.

त्यांनी भिंत फोडली. तुळईचं टोक थेट धुराड्याच्या विटांत बसवलेलं, नव्या भोकाला लागूनच, कोळसा झालेलं.

"हे कुठल्या गाढवाने बांधलं?" त्यांच्यातला एकजण म्हणाला.

"माझ्या नवऱ्याने," गुनवोर म्हणाली आणि पुढे होऊन ते टोक पाहू लागली.

सकाळी ती माझ्या दारात उभी.

"तुझंही त्यानेच बांधलंय. फोडून बघ."

"अगं, गेलेल्या माणसाचं नाव कशाला..."

"नाव राहू दे. वरच्या खोलीत तुझ्या नाती झोपतात ना?"

त्या आठवड्यात ती औडुनने धुराडं बांधलेल्या अकरा घरी गेली. म्हाताऱ्या यॉर्डिसने तिच्या तोंडावर दार आपटलं आणि दोन दिवसांनी गुपचूप गवंडी बोलावला. तीन घरांत तसंच निघालं. त्यातलं एक माझं. त्याच रात्री मी नातींची अंथरुणं खाली आणली.

"त्याला माहीत होतं का रे?" तिने मला विचारलं.

तुळई कापली, वीटकाम नवं झालं. नोव्हेंबरात तिने तिसरा जाळ केला. आम्ही कॉफी प्यायलो, पण तिची नजर सगळा वेळ छतावरच होती.