सम हवेचं गाव

डॉक्टर म्हणाले, "यांना उन्हाळा झेपणार नाही. कडक थंडीही नाही. जिथं हवा सम असते अशा ठिकाणी दोन-तीन महिने नेता आलं तर बघा." एवढं बोलून त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. मीठ कमी खा म्हणावं तितक्या सहज त्यांनी ते सांगितलं. मी मात्र ते अंगावर घेतलं.

माझं कामच मोजमापाचं आहे. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मी शाफ्ट, म्हणजे यंत्रात फिरणारे लोखंडी दांडे, तपासते. जाडी ठरलेली असते. केसभर कमी चालते, केसभर जास्त चालते, त्यापलीकडे गेलेला शाफ्ट नापास म्हणून लाल खोक्यात टाकायचा. बावीस वर्षं हेच करत आल्यामुळे जगात काहीही मोजता येतं, अशी माझी एक खोड झाली आहे.

पेशंट म्हणजे माझे वडील. मी त्यांना दादा म्हणते. त्यांनी आयुष्यभर मेंढरं राखली. पावसाळ्यात माळावर आणि उन्हाळ्यात पैठणच्या वरच्या अंगाला, जायकवाडी धरणाचं पाणी मागं सरकलं की जी ओली, गवताळ जमीन उघडी पडते तिथं. आई गेल्यावर मेंढरं चुलत्यांच्या हवाली करून ते माझ्याकडं सिडकोतल्या दोन खोल्यांत राहायला आले. मी एकटीच असते, त्यामुळे दोघांना जागा पुरत होती. पण त्यांचं हृदय थकलं होतं. दोन पायऱ्या चढले तरी धाप लागायची. मी एसी बसवून घेतला, तर एसी चालू असतानाच ते खिडकी उघडून बसायचे. "कोंबड्यावानी झाकून ठिवू नको मला," म्हणायचे. मी खिडकी लावायची, त्यांनी उघडायची. असा अख्खा फेब्रुवारी गेला.

मग मी शोध सुरू केला. प्रत्येक मुलखातली सगळ्यात सौम्य हवेची जागा कोणती, याचा एक तक्ता केला. विदर्भात चिखलदरा, खानदेशात तोरणमाळ, मध्य प्रदेशात पचमढी, कोकणच्या बाजूला आंबोली, आपल्या जवळचं म्हणाल तर म्हैसमाळ. समोर महिन्यामहिन्याचं तापमान, दमटपणा आणि जवळच्या दवाखान्याचं अंतर. जेवणाच्या सुट्टीत मी कॉम्प्युटरवर तेच बघत बसायचे. "मॅडम, या वयात हनिमून का?" असं शेजारच्या टेबलावरचे विचारायचे. मी त्यांना दोन शब्द सुनावले, पण तक्ता काही बंद केला नाही.

दादांना तक्ता दाखवला तर ते हसले. "हवा काय कापड हाय का, गज घिऊन मोजाया?"

"मग तुम्ही कशी मोजायचात?"

"दुपारी जाऊन निजायचं. सकाळी काय, समद्याच जागा चांगल्या दिसत्यात."

ते खरंच तसं करायचे, हे मला माहीत होतं. नव्या मुक्कामावर मेंढरं बसवण्याआधी दादा भर दुपारी घोंगडी घेऊन एकटे पुढं जायचे, उघड्या जमिनीवर अंथरायचे आणि ऊन कलेपर्यंत पडून राहायचे. उठून एकच शब्द बोलायचे, व्हय किंवा नाय. नाय म्हटलं की चार घरांचा संसार आणि तीनशे मेंढरं पुन्हा चालायला लागायची. त्यावर कुणी ब्र काढत नसे. लहानपणी याचा मला राग यायचा, कारण पाय माझे दुखायचे. मोठेपणी हसू यायचं.

मार्चच्या शेवटी मी सातपुड्यातलं एक ठिकाण नक्की केलं. माझ्या तक्त्यात त्याची सरासरी सगळ्यात छान होती. पोचल्यावर दादांनी विश्रामगृहाच्या आवारात दुपारी घोंगडी अंथरली आणि पाव तासात गुंडाळली.

"नाय," म्हणाले. "हितं दिस एकाचा अन् रात दुसऱ्याची."

"दादा, मी सगळं बघून आणलंय तुम्हाला."

घोंगडी घेऊन ते खोलीत गेले. तिसऱ्या दिवशी पहाटेच्या गारठ्यात त्यांचा श्वास कोंडला. ओठ काळेनिळे पडले. तालुक्याच्या दवाखान्यात ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. बाहेरच्या बाकावर मी फोनवर तक्ता पुन्हा उघडला तेव्हा मला ते दिसलं. दुपार रणरणती, पहाट बोचरी, आणि दोन्ही मिळवून निम्मे केले की सुंदर आकडा. एक शाफ्ट जाड आणि एक बारीक असेल तर सरासरी बरोबर येते, पण दोन्ही लाल खोक्यात जातात. कामावर येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला मी हे पहिल्याच दिवशी शिकवते. बापाच्या वेळी मीच विसरले. त्या बाकावर मला इतकी लाज वाटली की घाम फुटला. त्यानंतर काही वाटल्याचं मला नीट आठवत नाही. कामं आठवतात.

घरी आल्यावर मी सरासरीचा रकाना पुसून टाकला. आता फक्त दिवस आणि रात्रीतला फरक बघायचा, आणि एका महिन्यातून दुसऱ्या महिन्यात जाताना होणारा फरक. सगळ्यात कमी फरक कर्नाटकातल्या एका तालुक्याच्या गावी सापडला. तिथं एका बाईंच्या घरात व्हरांड्याची खोली मिळाली. बाई कानडी, पण मोडकंतोडकं मराठी बोलायच्या. जेवण त्याच देणार होत्या आणि दवाखाना पलीकडच्या गल्लीत होता. एप्रिलच्या मध्यावर मी दादांना तिथं नेलं.

त्या दुपारी दादा अंगणात निजले. मी व्हरांड्यात बसून वाट बघत होते. एक तास झाला, दोन झाले, ते उठेचनात. शेवटी मीच जवळ गेले.

"कसं वाटतंय?"

"कायच वाटत नाय."

"म्हणजे?"

"म्हंजी ऊन हाय, पण लागत नाय. वारा हाय, पण कळत नाय. माणसानं हितं काय म्हनावं?"

मी ते पास धरलं. मला खरंच बरं वाटलं.

आठ दिवसांची रजा संपवून मी परत आले. नंतर एकाआड एका शनिवारी तिकडं जात होते आणि रोज संध्याकाळी फोन करत होते. "दादा, हवा कशी आहे आज?" हे मी सवयीनं विचारायचे. आमच्याकडं हवेवरूनच बोलणं सुरू होतं. वारा कुठून आला, आभाळ कुठल्या अंगाला भरलं, उकडतंय म्हणजे दोन दिवसांत काय होणार, यावर दादा अर्धा अर्धा तास बोलत. तिथून उत्तर यायचं, "कालच्यावानीच." मग मी औषधांचं विचारायचे आणि फोन ठेवायचे. बाई सांगायच्या, आजोबा जेवतात, औषध घेतात, काही तक्रार नाही. एकदा दादांनी सकाळ समजून संध्याकाळी आंघोळ केली.

मे महिन्यात मी गेले तेव्हा दादा आधीच पिशवी भरून बसले होते. चुलत्यांचा फोन आला होता. जायकवाडीचं पाणी उतरलं होतं आणि मेंढरं तिथं बसली होती.

"चार दिस तिकडं नेऊन सोड मला."

मी फोनवर पैठणचं तापमान काढून त्यांच्यासमोर धरलं.

"ते मला ठावं हाय. वाफ निघती दुपारी. पन पान्यावरून वारा येतो गं."

"वारा येऊ दे. तुमचं हृदय बंद पडलं तर मी काय करू?"

"मी काय तुझं जनावर हाय का, तू म्हनशील तिथं बांधायला?" ते ओरडले, आणि ओरडल्यानं धाप लागली. मी पाणी दिलं, गोळी दिली आणि पिशवीतले कपडे पुन्हा खुंटीला अडकवले. ते माझ्या हातांकडं बघत होते. त्यानंतर त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. मी जिंकले होते.

जूनमध्ये त्यांना घरी आणलं. डॉक्टरांनी कागद बघून मान डोलावली. "छान सांभाळलंत. असंच चालू ठेवा." सूज उतरली होती, वजन ठीक होतं. रिक्षात मी दादांना म्हटलं, "बघा, ऐकलं म्हणून बरे झालात." ते म्हणाले, "व्हय."

तेव्हापासून ते फार शहाण्यासारखे वागतात. स्वेटर दिला की घालतात, काढ म्हटलं की काढतात. खिडकीला हात लावत नाहीत. दिवाळीनंतर एकदा मी दुपारीच कामावरून आले तर ते गॅलरीत भर उन्हात बसलेले, घामानं सदरा पाठीला चिकटलेला. आत का नाही आलात म्हणून विचारलं, तर म्हणाले, "तू बसवून गेलतीस न्हवं?" मी सकाळी कोवळ्या उन्हात खुर्ची मांडून गेले होते. मी भीतीनं किंचाळायला हवं होतं. मी टॉवेल आणला.

या फेब्रुवारीत डॉक्टरांनी पुन्हा तेच सांगितलं. या वेळी मी त्यांना विचारलं, पैठणजवळ नातेवाईक आहेत, धरणाच्या काठी राहिले तर? ते म्हणाले, धोका आहे, पण शेवटी तुमचा निर्णय. मी विचार केला. चार रात्री केला. जायकवाडीच्या काठावर गेले तर ते कदाचित उन्हाळा काढणार नाहीत, हे मी स्वतःला सरळ सांगितलं आणि ते मान्यही केलं. चुलत्यांना फोन लावला. "आन की," ते म्हणाले. "झाडाखाली बाज टाकतो. कवाची वाट बघतोय."

रविवारी दादांचा चहा झाल्यावर मी समोर बसले.

"दादा, यंदा कुठं जायचं? पाण्याकडं जायचं का? काका बोलावतायत."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मुद्दाम चेहरा मोकळा ठेवला, म्हणजे त्यांना खरं वाटावं.

"तू म्हनशील तिथं."

"नाही, तुम्ही सांगा. आपण दुपारी जाऊन येऊ. तुम्ही निजून बघा आणि सांगा, व्हय का नाय."

त्यांनी आपले तळहात उलटेसुलटे करून बघितले.

"मला काय कळतंय त्यातलं," म्हणाले. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. मी खूप शोधला.

मला वाटलं, आता रडू येईल. मी त्यासाठी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. आलं नाही. त्यांचं व्हय नसताना तो धोका मी एकटीनं घेणार नव्हते. मग काकांना कळवलं, यंदाही जमत नाही. आणि कर्नाटकातल्या बाईंना फोन लावून मागच्या वर्षीचीच खोली मागितली. त्यांनी विचारलं, आजोबांची तब्येत कशी आहे? मी म्हटलं, अगदी चांगली आहे.