काकांचा कॉम्प्युटर
जुना कॉम्प्युटर तापला की धुळीचा करपट वास सुटतो आणि चेन्नईत वेलचेरीला राहताना शेजारी असलेल्या काकू आठवतात. बंद झालेल्या ऑपरेटिंग सिस्टिम जपण्याचा माझा छंद, म्हणून काका गेल्यावर त्यांचा कॉम्प्युटर काकूंनी मला दिला. त्याच्या फटींत घरात शिरलेल्या पुराचा गाळ होता. आठवडाभर खपून मी तो चालू केला आणि सिस्टिम मूळ रूपात हवी म्हणून काकांच्या फायली न उघडताच पुसून ती नव्याने घातली. संध्याकाळी काकू चकलीसारखे मुरुक्कू घेऊन आल्या. “हे शेवटी शेवटी त्यावर काहीतरी लिहीत बसायचे. वाचता येईल का रे?” मी म्हणालो, “पुराच्या पाण्यात सगळं गेलं, काकू.” “पाण्याला काय बोल लावायचा,” म्हणत त्यांनी पदराने स्क्रीन पुसली. आजही तो चालू केला की आधी वापरणाऱ्याचं नाव विचारतो. मी अजून काही भरलेलं नाही.