लाट अंगावर आली तर

साठी उलटली तरी मी टेनिस खेळतो, आणि फटका नीट बसला की मनातल्या मनात एका म्हाताऱ्या खलाशाला सलाम करतो.

सन एकोणीसशे तीसच्या आसपास मी रत्नागिरीत नवखा वकील होतो. तिथल्या एका ज्येष्ठ वकीलसाहेबांनी मला दुहेरीत जोडीदार घेतलं, कारण पुस्तक वाचून टेनिस खेळणारा मी एकटाच. पुस्तकातल्या चित्रात खेळाडू जाळीकडे खांदा करून, डावा पाय आडवा पुढे टाकून फोरहँड मारत होता. तो पाटलोणीत होता आणि मी धोतरात, हे काही माझ्या डोक्यात शिरलं नाही. चेंडू कसाही येवो, मी पाय आडवा टाकणारच. एका आठवड्यात दोनदा निऱ्यांत पाय अडकून तांबड्या मातीत लोळलो.

चिपळूणच्या जोडीशी सामना तोंडावर आला होता. वकीलसाहेब म्हणाले, “रविवारपर्यंत नीट उभं राहायला शिका, नाहीतर मला दुसरा जोडीदार बघावा लागेल.” मला रडू यायचंच बाकी होतं. त्या गावात चार माणसं मला ओळखत होती ती या खेळामुळे.

कोर्टावर चुन्याच्या रेघा मारायला एक म्हातारे खलाशी होते, सारा जन्म गलबतावर गेलेला. मी धोतर झटकत होतो, तेव्हा ते जवळ आले.

“वकीलसाब, चेंडू लांब हाय, वेळ हाय, तर टाका की पाय पुढं. पन लाट अंगावर आली तर पाय कोन टाकतो? पाय फाकवून ऱ्हावा नि कंबर फिरवा.”

मग रोज सकाळी, कुणी यायच्या आधी, ते चेंडू फेकत आणि मी ओळखून ओरडायचं, “वेळ” नाहीतर “लाट”. शनिवारपर्यंत पाय आपसूक ठरवू लागले.

रविवारी माझी जागा टिकली आणि पुढे सामनाही आम्ही जिंकलो. वकीलसाहेबांनी पाठ थोपटली. “हे असं उभं राहणं पुस्तकात आहे?”

“आहे,” मी म्हणालो. चुना मारणाऱ्याकडून शिकलो हे सांगायची लाज वाटली, दुसरं काय.

म्हातारबाबा शेजारीच जाळी सोडत होते. ते गालात हसले. “कंच्या पानावर हाय? मला वाचता येत नाय, पन बगीन तरी.”

आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते मला फार लागलं. मी त्यांचा चुन्याने पांढरा झालेला हात धरला आणि त्यांना वकीलसाहेबांसमोर नेलं.

“साहेब,” मी म्हणालो, “मी खोटं बोललो. मला यांनी शिकवलं.”